बुडालेला देव आणि आपला स्नानसंस्कार

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्या घरोघरची तरुण मंडळी आवडीने वाचतात. वडीलधाऱ्यांना त्यांत केवळ रक्तपात दिसतो. आमचेही मत तसेच होते. ‘अ फीस्ट फॉर क्रोज’ (२००५) आणि ‘द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर’ (२०१४) वाचल्यावर मात्र ते बदलले.

प्राचीन नॉर्स दर्यावर्दींची आठवण करून देणारे लोहद्वीपांचे रहिवासी ‘बुडालेल्या देवा’ला भजतात. त्यांचे पुरोहित भक्ताला समुद्रात खरोखर बुडवतात आणि मग श्वास फुंकून जिवंत करतात. मुख्य भूमीवरून ‘सप्तदेवां’चा धर्म येतो आणि वाद पेटतो. दुसरा राजा हार्मंड ‘आठ देव’ मान्य करतो. त्यावर दोन्ही पक्ष रुष्ट होतात. मग तो म्हणतो, देवाची मुखे सातच, बुडालेला देव त्यांपैकीच एकाचे रूप! तिसरा हार्मंड लूटमार आणि दास्य यांवर बंदी घालतो, तेव्हा पुरोहित बंड उभारतात. राजाची जीभ छाटली जाते, डोळे काढले जातात.

ही केवळ कल्पना नव्हे. ख्रिस्तावर श्रद्धा ठेवूनही समुद्रप्रवासात थोरचा धावा करणाऱ्या हेल्गीची नोंद आइसलँडच्या जुन्या बखरीत आहे. संकटकाळी दोन दारे ठोठावणारा हा हेल्गी आपल्यातही अधूनमधून डोकावतो, हे आम्ही नाकारणार नाही.

मार्टिन यांचे सामर्थ्य विधीच्या वर्णनात आहे. उणीव अशी की, इतिहासग्रंथाचा निवेदक मुख्य भूमीचा पंडित असल्याने तेथील पुरोहित एकसुरी क्रूर भासतात. कादंबरीतील एरॉन हा पुरोहित मात्र भयग्रस्त, जखमी माणूस आहे. त्यानेच बोलावलेली सभा त्याच्या अधर्मी भावाला राजा निवडते, ही शोकांतिका मनाला भिडते.

या सर्व वादात देव किती, हा प्रश्न वारंवार येतो. देव कसा आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय ६) स्नानसंस्कार म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे व नव्या जीवनात चालणे असे सांगितले आहे. पाणी तेथेही आहे, मरणही आहे; परंतु त्या पाण्यातून वर आलेला माणूस शेजाऱ्याला लुटावयास निघत नाही. आपल्या मुलांच्या हाती ही पुस्तके दिसली, तर ती हिसकावून घेऊ नयेत. जवळ बसून एवढेच विचारावे: तुझ्या स्नानसंस्काराने तुला कोणासाठी जगावयास पाठविले?