काळ्या सावल्या

एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँ या फ्रेंच चित्रकर्तीनं १७८२मध्ये गवती हॅट घातलेलं स्वतःचं व्यक्तिचित्र रंगवलं. योहान गोट्टहार्ड म्युलर या जर्मन एनग्रेव्हरनं १७८५मध्ये ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून त्याचं मुद्राचित्र केलं. पुढे आठवणी लिहिताना तिनं म्युलरला नामवंत म्हटलं, पण तक्रारही नोंदवली: छापातल्या काळ्या सावल्यांनी अशा चित्राचा सारा परिणामच जातो. मूळ लेखिकेनं अनुवादावर मारलेला शेरा म्हणून मी हे वाचते. तो मला अर्धाच पटतो.

पटतो तो उजेडाबाबत. अँटवर्पमध्ये रुबेन्सचं एक स्त्रीचित्र पाहून तिला हे चित्र सुचलं. त्यातले दोन उजेड तिला भावले होते: दिवसाचा साधा आणि थेट उन्हाचा. तिच्या चित्रात हॅटची सावली चेहऱ्यावर पडते, पण ती काळी नाही. तिच्यातही त्वचेचा रंग जागा आहे. एनग्रेव्हरकडे मात्र शाईची रेघ आणि कोरा कागद, एवढंच. सावली हवी तर रेघा दाट करायच्या. पॅलेटवरचे रंगसुद्धा मग काळ्या-करड्यातच उरतात.

पण तिचं चित्र तरी रुबेन्सशी कुठे प्रामाणिक आहे? त्याचं चित्र ‘गवती हॅट’ या नावानं ओळखलं जातं. प्रत्यक्षात त्यातली हॅट फेल्टची आहे. व्हिजे ल ब्रँनं खरोखरच गवताची घातली. रुबेन्सच्या बाईनं हातांची घडी घातली आहे. हिच्या हातात पॅलेट आणि कुंचले आहेत. दुसऱ्यानं रंगवलेल्या बाईच्या जागी स्वतः रंगवणारी बाई आली.

म्युलरच्या छापात ऊन हरवलं, पण हे पॅलेट टिकलं. त्या काळच्या पॅरिसमध्ये ही गोष्ट लहान नव्हती. राजाश्रयाच्या चित्रकला अकादमीत एका वेळी चारच स्त्रियांना सदस्यत्व मिळे. १७८३मध्ये तिला त्यांतली एक जागा मिळाली. मूळ चित्र एका वेळी एकाच भिंतीवर असतं, छापाच्या प्रती मात्र घरोघर जातात. ते चित्र कधीही न पाहणाऱ्यालाही ही बाई चित्रकार आहे, हे छापावरून कळतं.

अनुवादावर लिहिताना आपण काय निसटलं त्याची यादी करतो, आणि ती करायलाच हवी. पण त्या माणसाच्या हातात काय होतं, ते वाचकापर्यंत पोचलं का, हे मी आधी पाहते.