गिधाडे, कुत्री आणि पाच लाख माणसे

गिधाडे नाहीशी झाल्यामुळे भारतात पाच वर्षांत पाच लाख माणसे दगावली, अशी बातमी २०२४ साली अनेक वृत्तपत्रांत झळकली. तिचा आधार होता एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा शोधनिबंध. तो त्याच वर्षी ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अन्नसाखळीचा पाठ घेताना हे उदाहरण सांगण्याचा मोह कोणाही शिक्षकाला होईल. आम्हालाही झाला. पण मूळ निबंधाकडे वळल्यावर जाणवले की त्यातला सर्वांत भक्कम भाग बातमीत फारसा आलाच नव्हता, आणि बातमीने उचललेला आकडा हा त्यातला सर्वांत नाजूक भाग होता.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. प्रथम संशय विषाणूवर होता. २००४ मध्ये लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मेलेली गिधाडे तपासली. ज्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर साचले होते, अशा २५ पैकी २५ पक्ष्यांत डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सापडले. इतर कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांपैकी एकातही ते नव्हते. पुढे हे औषध दिलेल्या जनावरांचे मांस गिधाडांना खाऊ घातले, तेव्हा त्यांतलीही बरीच तशीच मेली. कारण शोधावे कसे, याचा याहून चांगला नमुना वर्गात दाखवायला मिळणे कठीण. मेलेल्या जनावरांपैकी जेमतेम ०.१३ ते ०.७५ टक्के जनावरांत विषारी मात्रा असली तरी एवढी घट होऊ शकते, हे गणितही त्याच वर्षी मांडले गेले. एका मृत गाईवर किती गिधाडे उतरत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

फ्रँक आणि सुदर्शन यांचा प्रश्न पुढचा आहे: गिधाडे गेल्याने माणसांचे काय झाले? इथे प्रयोग करता येत नाही. म्हणून त्यांनी जिल्ह्यांची तुलना केली. एका गटात गिधाडांना राहण्यास योग्य असलेले जिल्हे, दुसऱ्यात फारसे योग्य नसलेले. १९९४ च्या सुमारास डायक्लोफेनॅक स्वस्त झाले व जनावरांसाठी सर्रास वापरले जाऊ लागले. त्यापूर्वी दोन्ही गटांतील मृत्युदर बरोबरीने चालत होते; नंतर पहिल्या गटातील दर चार टक्क्यांहून अधिक वर गेला. जिथे मुळात गिधाडे नव्हती तिथे त्यांच्या जाण्याने काही बिघडू नये, आणि तसेच दिसले. सुधारणा, महागाई, साथी यांचा परिणाम दोन्ही गटांवर सारखाच झाला असेल, तर वजाबाकीत तो आपोआप निघून जातो. ही कल्पना साधी आहे, आठवी-नववीच्या मुलांना समजेल इतकी, आणि निबंधाचे खरे बळ तिच्यात आहे. शहरी भागात व जनावरे जास्त असलेल्या भागात परिणाम अधिक दिसला, हेही तर्काला धरून आहे.

आता नाजूक भाग. वर्षाला सुमारे १ लाख ४ हजार जादा मृत्यू, असा हिशेब लेखकांनी २००० ते २००५ या काळासाठी मांडला. बातम्यांतून मात्र गोष्ट अशी पसरली: गिधाडे गेली, मढी उघड्यावर राहिली, कुत्री माजली, रेबीजने माणसे मेली. गोष्ट गोळीबंद आहे, पण आकडेमोड तिला साथ देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात रेबीजने वर्षाला १८ ते २० हजार माणसे मरतात. हे सर्वच्या सर्व मृत्यू गिधाडांच्या खात्यावर मांडले, तरी लाखाचा पाचवा हिस्साही भरत नाही. उरलेले लोक कशाने गेले?

लेखकांचे उत्तर आहे अस्वच्छता, विशेषतः दूषित पाणी. पाण्याची प्रत घसरल्याची, कुत्री वाढल्याची व रेबीजच्या लसीची विक्री वाढल्याची आकडेवारी त्यांनी जोडली आहे. हे सारे सुसंगत आहे. पण मोजलेले मृत्यू सर्व कारणांचे एकत्रित आहेत. अतिसाराने किती, रेबीजने किती, हे त्यांतून कळत नाही. ओक्सजवळ मेलेल्या पक्ष्याचे मूत्रपिंड होते. इथे फक्त एकूण संख्या आहे. साखळीची दोन टोके दिसतात, मधली कडी बरीचशी अनुमानाने भरावी लागते.

याच विषयावर २००८ मध्ये अनिल मार्कंडेय व सहकाऱ्यांनी वेगळ्या वाटेने हिशेब केला होता. वाढलेली कुत्री, त्यांचे चावे, त्यांतून रेबीज असा एकेक टप्पा मोजत ते १९९२ ते २००६ या काळातील सुमारे ४८ हजार जादा मृत्यूंपर्यंत आले. एकीकडे चौदा वर्षांत ४८ हजार, दुसरीकडे पाच वर्षांत पाच लाख! दोघांपैकी कोणी चूक केली असे म्हणण्याची घाई करू नये. एकाने फक्त रेबीज मोजला, दुसऱ्याने सगळे मरण. वर्गात हे दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहावेत आणि फरक का पडला ते मुलांना शोधू द्यावे, असे आम्हाला वाटते.

आणखी एक अडचण नकाशाची आहे. जिल्हा गिधाडांना ‘योग्य’ होता म्हणजे तिथे किती गिधाडे होती, हे त्यावरून ठरत नाही. गिधाडे मुबलक होती तेव्हा त्यांची जिल्हावार शिरगणती कोण करणार? चिमण्या तरी कोण मोजतो.

राहता राहिले ६९.४ अब्ज डॉलर. वर्षाचे हे नुकसान म्हणजे जादा मृत्यूंना एका जीवाच्या ठरवलेल्या किमतीने, सुमारे ६ लाख ६५ हजार डॉलरने, गुणून काढलेली रक्कम. म्हणजे हा नवा पुरावा नव्हे, मृत्यूंच्या आकड्यातली सारी अनिश्चितता त्यात उतरलेली आहे. सरकारी फायलीत अशी रक्कम उपयोगी पडते हे आम्ही जाणतो. पण या वाटेने जायचे तर ज्या प्राण्याच्या जाण्याने माणसाचे काहीच बिघडत नाही, त्याच्या रकान्यात शून्य लिहावे लागेल, आणि ते आम्हाला पटत नाही.

हा निबंध टाकाऊ ठरवावा असे मात्र मुळीच नाही. त्याची कसोटी उलट बाजूनेही घेता येईल: ज्या जिल्ह्यांत गिधाडे परततील, तिथे मृत्युदराची वाढ ओसरायला हवी. ती वेळ लवकर येण्याची चिन्हे नाहीत. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचल्या जात, म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद झाल्या. केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक यांवर जनावरांसाठी बंदी यायला २०२३ उजाडले. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे हे २००६ पासून ठाऊक आहे. आणि या गिधाडांची मादी वर्षाला एकच अंडे घालते. पिल्लू वयात यायला पाचेक वर्षे लागतात. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पेंच व ताडोबा येथे आणलेली गिधाडे होती अवघी वीस.