देव्हारा आणि पाठ

एका संग्रहालयात मी मरीआईचा देव्हारा पाहिला. लाकडी पेटी, दोन कवाडे, आत रंगवलेली मूर्ती, चौकटीवर कोरलेली वेलबुट्टी. खाली चिठ्ठी : ‘लोककलेचा नमुना’. अकोले तालुक्यातल्या आमच्या घरी असाच देव्हारा होता. त्याची हकिकत त्या चिठ्ठीत मावत नाही.

पटकीची साथ आली की सारे गाव मरीआईकडे धाव घ्यायचे. बाई देव्हारा डोक्यावर घ्यायची, पोतराज स्वतःच्या अंगावर कोरडा ओढायचा आणि वारे अंगात आले की देवी कशाने कोपली ते सांगायचा. भीती गावाची, रक्त महार-मांगांचे. माझे आजोबा थोरले, म्हणून देवीला सोडलेले. डोक्यावर जट राखलेली. 1956 च्या धर्मांतरानंतर पणजोबांनी ती जट कापली आणि देव्हारा प्रवरेत सोडला. आजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते.

आज काही कलासमीक्षक हळहळतात : केवढा वारसा बुडाला! आणि दाखला देतात आयव्हरी कोस्टच्या बाउले लोकांचा. तिथे कोमिएनच्या अंगात रानातले आत्मे येतात आणि तो लोकांना कौल देतो. आत्मे कुरूप, पण त्यांना रिझवायला मूर्ती देखणी लागते. म्हणून तो ती कोरून घेतो. अशा मूर्ती पॅरिस-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत काचेमागे उभ्या आहेत. दाखला खरा, निष्कर्ष खोटा. बाउलेंचे ते सौंदर्यही नुसते पाहण्यासाठी नव्हते; आत्म्याला राजी राखण्याचे ते साधन होते. शिवाय कोमिएनला आत्मा निवडतो. आमच्या पोतराजाला जात निवडत होती. मान साथीपुरता, मागून आणलेली भाकर वर्षभर.

पण सवाल आपल्यालाही आहे. देव्हारा बुडवला हे योग्यच झाले. त्याबरोबर पाठीवरचे वळही आपण विसरायचे काय? माझ्या वर्गातली पोरे पोतराज म्हणजे जत्रेतली गंमत समजतात. संग्रहालयाने जे टाळले ते आपल्या साहित्याने केले. पार्थ पोळके यांच्या ‘आभरान’मध्ये पोतराजाचे घर स्वतः बोलते.

माझी मागणी साधी आहे. समीक्षेने कोरीवकाम जरूर वाचावे. पण ते कोणाच्या डोक्यावर होते हे आधी विचारावे. त्या चिठ्ठीवर एकच ओळ वाढवा : हा देव्हारा कोणी वाहिला, आणि त्यांनी तो खाली का ठेवला.