हुकूम कोणाचा?

मी पनवेलचा. इथल्या खाडीकडे पाहिले की मला १७७८ सालची मोहीम आठवते. राघोबादादांना पुण्यात बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज पनवेलला उतरली आणि बोरघाट चढली. माणसे चार हजारांच्या आत, बैल एकोणीस हजार आणि हुकूम देणारी तिघांची कमिटी : एगर्टन, कारनॅक, मॉस्टिन. मॉस्टिन आजारी होऊन परतला, एगर्टननेही पुढे आजारपणामुळे सूत्रे सोडली. जानेवारी १७७९मध्ये वडगावला या फौजेने मराठ्यांपुढे गुडघे टेकले.

आपल्या स्मृतीत मात्र उरला तो कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे ‘इष्टुर फाकडा’. कमिटी विसरली गेली. आपल्या ऐतिहासिक लेखनाबद्दल माझी तक्रार हीच आहे. त्याला शूर दिसतो, फितूर दिसतो. फौजेचा कारभार दिसत नाही.

कंपनीने कमिटीचा धडा घेतला. २६ जून १८०३ रोजी दख्खनमधले लष्करी आणि राजकीय असे दोन्ही अधिकार एकट्या आर्थर वेलस्लीच्या हाती आले. त्याची त्या वर्षीची पत्रे चाळली, तर लढाईपेक्षा बैल, तांदूळ आणि होड्यांचाच हिशेब जास्त भेटतो. पुण्याच्या फौजेला मुंबईहून येणाऱ्या रसदीचे बंदर म्हणून त्यांत पनवेलही येते.

समोर काय होते? १७७९मध्ये नाना आणि महादजी यांचे मन एकमेकांविषयी साफ नव्हते, तरी मोहीम एक होती. १८०३मध्ये शिंदे आणि भोसले एकत्र आले, होळकर बाजूला राहिले. शिंद्यांच्या कवायती पलटणींवरचे वरचे अधिकारी बहुतेक युरोपीय होते. कंपनीच्या जाहीरनाम्यानंतर त्यांतले अनेक ब्रिटिश अधिकारी चाकरी सोडून गेले. २३ सप्टेंबरला असईला पायदळ हॅनोव्हरच्या पोलमनच्या हाताखाली लढले. शिपाई आणि गोलंदाज कमी पडले नाहीत. वेलस्लीची सुमारे एक तृतीयांश माणसे मेली वा जखमी झाली.

म्हणून असईच्या पराभवावर ‘फितुरी’चा शिक्का मारून पुस्तक मिटणे मला पटत नाही. गेलेल्यांना दोष द्यावा. पण ते गेल्यावर हुकूम पुढे चालवील असा आपला अधिकारीवर्ग का घडला नव्हता, हे कोण विचारणार? फितुराचे नाव सापडले की आपली चौकशी थांबते. खरे म्हणजे ती तिथून सुरू व्हायला हवी.