पिटकात काय आहे आणि काय नाही

एकोणिसाव्या शतकातील वृत्तपत्रे व सरकारी दप्तरे आता संगणकावर पाहता येऊ लागली आहेत. या कार्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. तथापि अशा संग्रहाची परीक्षा पानांच्या संख्येवरून होऊ नये. त्यात कोणाचा आवाज टिकला आणि शोधणाऱ्यास तो सापडतो काय, हीच खरी कसोटी होय.

या दृष्टीने दोन कागद शेजारी ठेवून पाहावेत. पहिला १८५५ चा. महात्मा फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापला गेला. वेदांवर आमचा अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा रोकडा प्रश्न तिने विचारला. दुसरा कागद १८५६ चा. त्या वर्षी हिंदुस्थानात पेटंटचा पहिला कायदा झाला आणि कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी पहिला अर्ज केला. संशोधकाचे नाव सरकारदप्तरी कायम झाले. ज्यांच्या हाताचे काम ते यंत्र करणार होते, त्या पंखेवाल्यांची नावे मात्र पेटंटच्या नोंदीत येण्याचे कारणच नव्हते.

यावरून दिसते की, कागद टिकतो तो त्याला जपणारी संस्था असते म्हणून. डी पेनिंग यांच्यामागे सरकार होते. मुक्तेचे शब्द ज्या पत्रात छापले गेले, त्यामागे अमेरिकन मराठी मिशन होते. पाणी वाहणाऱ्या पुण्णा दासीच्या गाथा थेरीगाथेत आपणास वाचावयास मिळतात, त्याही संघाने त्या मुखोद्गत ठेवल्या म्हणूनच. जपणूक कधीच तटस्थ नसते.

दुसरा दोष सूचीचा. ज्या सूचीत केवळ पत्राचे नाव व तारीख असते, तेथे मुक्ता ‘ज्ञानोदय’च्या पोटात पुन्हा एकदा अदृश्य होते. आजचा अभ्यासक ‘दलित’ हा शब्द देऊन शोधू लागला, तर त्या काळच्या पानांतून त्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. कारण तेथे अतिशूद्र, अंत्यज, महार, मांग हे शब्द आहेत. सूचीकाराने हे शब्द परस्परांशी जोडून दिले नाहीत, तर प्रतिमा असूनही वाट बंदच राहते.

वसंत मून यांनी १९९० साली ‘मूकनायक’ व ‘बहिष्कृत भारत’ यांचे अंक महाराष्ट्र शासनातर्फे ग्रंथरूपाने वाचकांच्या हाती दिले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘दीनबंधू’च्या प्रत्येक उपलब्ध अंकालाही तशीच निष्ठा लाभली पाहिजे. पुण्याहून कोरेगाव भीमाकडे जाताना नगर रस्त्यावर खराडी लागते. तेथील संगणक-कचेऱ्यांत आज जगभरच्या माहितीची व्यवस्था लावली जाते. तंत्र जवळ आहे. कोणत्या नावाने शोधावे, हे सांगणारी दृष्टी आपण पुरवावयाची आहे.

कालामसुत्तात भगवान बुद्धांनी, एखादी गोष्ट पिटकात आहे एवढ्यावरून ती स्वीकारू नये, असे सांगितले. त्याच न्यायाने, एखादी गोष्ट पिटकात नाही एवढ्यावरून ती घडलीच नाही, असेही मानता येत नाही. जुन्या कागदांच्या प्रत्येक वाचकाने हे ध्यानी ठेवावे.