सूत्रातले एक उणे चिन्ह

बेल्जियमचे ज्योतिर्विद जाँ मेउस यांचे ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल अल्गोरिदम्स’ (१९९१) हे पुस्तक खगोलशास्त्राची संगणक-प्रणाली लिहिणाऱ्यांच्या हाताशी असतेच. त्यात तयार प्रणाली नाहीत; सूत्रे आणि सोडवलेली उदाहरणे आहेत. तिसऱ्या प्रकरणातले एक उदाहरण शिक्षकांनी जरूर करून पाहावे.

मे १९९२ मध्ये १२, १६ व २० तारखेला मंगळाचे सूर्यापासूनचे अंतर अनुक्रमे १.३८१४२९४, १.३८१२२१३ आणि १.३८१२४५३ खगोलीय एकके होते. या तीन बिंदूंतून जाणाऱ्या अन्वस्ताचा तळ म्हणजे मंगळाचा उपसूर्य बिंदू. पहिला फरक अ = −०.०००२०८१, दुसरा ब = +०.००००२४० आणि क = ब − अ. मग न = −(अ + ब) ÷ २क = ०.३९६६. चार दिवसांनी गुणले की १.५९ दिवस, उत्तर १७ मे.

उणे चिन्ह गळाले तर? उत्तर १४ मे, तीन दिवसांहून अधिक चूक. पण गंमत पुढे आहे. किमान अंतराच्या सूत्रात (अ + ब) चा वर्ग येतो: मधली किंमत − (अ + ब)² ÷ ८क. वर्गात चिन्ह हरवते, त्यामुळे अंतर १.३८१२०३० असे अचूकच मिळते! केवळ अंतर ताडून पाहणाऱ्याला प्रणाली निर्दोष वाटणार. दोन्ही टोकांच्या किमती सारख्या घेऊन चाचणी केली तर न शून्य येतो. तिथेही दोष लपतो.

मेउस सूत्र देतात, ते कसे आले हे सांगत नाहीत. प्रणालीकारांसाठी हे चालेल, शाळेसाठी ही उणीवच. वास्तविक, य = मधली किंमत + (न ÷ २)(अ + ब + नक) याचे विकलन शून्य धरले की नक = −(अ + ब) ÷ २ मिळते. पद बाजू बदलते तिथलेच हे उणे.

दुरुस्तीही जपून करावी. काही प्रणालींत हेच सूत्र (पहिली किंमत − तिसरी किंमत) ÷ २क असे असते. तिथे उणे आतच सामावले आहे; बाहेर आणखी एक लावले की बरोबर सूत्र बिघडते. आकडेमोडीआधी एवढेच विचारावे: १२ मेचे अंतर मोठे की २० मेचे? १२ मेचे. तेव्हा तळ १६ मेनंतरच असणार.