कापणाऱ्याचा हात, खाणाऱ्याचे ताट

'हानउ रॅप्सडी' हा कोरियन कार्यक्रम मी नेटफ्लिक्सवर पाहिला. 'हानउ' म्हणजे कोरियातली देशी, तांबूस रंगाची गुरे. बेक जोंग-वन हा तिथला नामांकित खानावळ-उद्योजक आणि टीव्हीवरचा लोकप्रिय माणूस. तो हानउच्या मांसाची परंपरा आपल्याला हिंडून दाखवतो. तो खातो, दाद देतो, कोणता भाग कसा शिजवावा हे सांगतो. कार्यक्रम रंजक आहे. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर अपराधाची छटा नाही, आवाज खाली आणून बोलणे नाही. आपल्याकडे 'मोठ्याचे' असा आडशब्द वापरून ज्याचा उल्लेख होतो, ते अन्न तिथे राष्ट्राचा अभिमान म्हणून पडद्यावर येते. एका दलित प्रेक्षकाला याचा आधी हेवा वाटतो. मलाही वाटला.

पण हेवा ओसरला की प्रश्न उभा राहतो. या जनावराला कापणारा कोण? त्याची सोलवणूक करणाऱ्याला गावात कुठे राहावे लागत होते? अशा कार्यक्रमांचा नायक चव असते आणि त्यांचा कर्ता 'आम्ही' असतो. 'आम्ही कोरियन लोक शतकानुशतके असे खात आलो.' हा 'आम्ही' तपासून पाहणे हे समीक्षेचे काम आहे. त्यासाठी पडदा सोडून कोरियाच्या इतिहासाकडे वळावे लागते.

जोसन राजवटीत बैल हा नांगराचा आधार होता, म्हणून गुरांच्या कत्तलीवर वारंवार बंदी घातली जाई. बंदी असूनही वरिष्ठ वर्गाच्या ताटात मांस पोहोचत होते. ते पोहोचवणारे हात 'बेकजंग' या बहिष्कृत समाजाचे होते. खाटिककाम, कातडीकाम, बुरूडकाम हे त्यांचे धंदे. वस्ती वेगळी. रेशीम अंगावर घालायचे नाही, प्रतिष्ठितांची टोपी डोक्यावर घालायची नाही, सामान्य घरातल्या पोरासमोरही अदबीने बोलायचे. मांस चालत होते, माणूस चालत नव्हता. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

'बेकजंग' या नावाचा इतिहास तर आपल्यासाठी धडाच आहे. पूर्वी हा शब्द साध्या शेतकरी प्रजेसाठी वापरत. १४२३ मध्ये राजा सेजोंगच्या काळात बहिष्कृतांना हे नाव देण्यात आले. हेतू त्यांना प्रजेत सामावून घेण्याचा होता. पण शेतकऱ्यांनी त्यांना 'नवे बेकजंग' म्हणायला सुरुवात केली आणि पुढे मूळचे नाव स्वतः टाकून दिले. सन्मानाचा शब्द शिवी झाला. 'हरिजन' या शब्दाचे आपल्याकडे काय झाले हे ज्यांनी अनुभवले, त्यांना नाव बदलून व्यवस्था बदलत नाही हे कोरियाकडून शिकायची गरज नाही. तरीही हा न्याय दोन्ही देशांत एकच आहे, याची नोंद घ्यायला हवी.

१८९४ च्या सुधारणांनी जन्माधारित दर्जा कायद्याने संपवला. व्यवहारात तो संपला नाही. मुलांना शाळेत घेण्याचा प्रश्न तसाच राहिला. त्यातून १९२३ मध्ये जिंजू या गावी 'ह्यंगप्यंगसा' ही संघटना उभी राहिली. 'ह्यंग' म्हणजे तराजूची दांडी. ज्या तराजूत खाटिक मांस तोलत होता, तोच तराजू त्याने समतेचे चिन्ह केला. आदल्याच वर्षी, १९२२ मध्ये, जपानमधल्या बुराकू समाजाने 'सुइहेइशा' स्थापन केली होती. चार वर्षांनी, १९२७ मध्ये, आपण महाडच्या तळ्यावर गेलो. एकमेकांची भाषा न जाणणारी माणसे एकाच दशकात एकच मागणी करत होती.

आणि जिंजूच्या सवर्णांनी, शेतकऱ्यांनी यावर काय केले? त्यांनी गोमांस विकत न घेण्याची चळवळ काढली! जे मांस त्यांना प्रिय होते तेच त्यांनी काही काळ टाकले, कारण विकणारा माणूस म्हणून उभा राहत होता. अन्नाचा प्रश्न हा मुळात अन्नाचा नसतो, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता द्यावा? तिथे खाटकाला जागेवर ठेवण्यासाठी गोमांसावर बहिष्कार टाकला गेला. इथे २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी गाईपुरती न राहता बैल-वळूंपर्यंत नेली गेली. २०१६ मध्ये गुजरातेतील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारहाण झाली. कारणे वेगळी सांगितली जातात. घाव मात्र त्याच हातावर बसतो.

आज कोरियात बेकजंग हा वेगळा ओळखू येणारा समाज उरलेला नाही. एका टीव्ही कलावंताच्या नावाने निघालेल्या मांसाच्या खानावळींच्या साखळीने हा शब्द आपल्या नावात मिरवला आहे. जातीचा डाग इतका पुसला गेला की तो पाटीवर लिहिता यावा, हे मी मोठे यश मानतो. पण डाग पुसताना डाग सोसणाऱ्यांची आठवणही पुसली गेली, तर मुक्तीचे श्रेय कुणाला द्यायचे? हानउचे राष्ट्रीय वैभव मोकळेपणाने साजरे करता येते, यामागे जिंजूच्या खाटकांची झुंज आहे. चवीच्या इतिहासात त्यांना मानाचे पान मिळाले पाहिजे. हे पान ज्या कार्यक्रमाच्या केंद्रस्थानी नाही, तो चांगला कार्यक्रम असूनही अपुरा आहे, असे माझे मत आहे.

आता आपल्याकडे वळू. मराठीत असा कार्यक्रम उद्या निघाला, चान्या, रक्ती, वजडी पडद्यावर आल्या, तर आपण आनंदाने टाळ्या पिटायच्या का? माझे उत्तर सरळ नाही. महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडायला सांगितले. माझ्या आजोबांनी ते सोडले. त्यांच्यासाठी ते अन्न म्हणजे गावाने फेकलेले, भुकेने उचललेले अन्न होते. ते नाकारणे हाच त्यांचा विद्रोह. त्यांच्या नकाराचा अपमान करून मला चान्यांची 'पाककृती' करायची नाही. पण मेलेले ढोर ओढायला लावणारी व्यवस्था नाकारणे आणि माणसाने काय खावे हे सरकारने वा जमावाने ठरवणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिल्यात आपला निर्णय होता. दुसऱ्यात आपल्याला निर्णयच नाही.

शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून हा रस्ता दाखवला आहे. त्या पुस्तकात पदार्थाबरोबर भूकही येते, आणि ती यायलाच हवी.

मी दर वर्षी प्रथम वर्षाच्या मुलांना 'आमच्या घरचा पदार्थ' यावर निबंध लिहायला देतो. वस्तीतून आलेली मुले पुरणपोळीवर लिहितात. त्यांच्या वयात मीही तेच केले होते, आणि मला चांगले गुण मिळाले होते. त्या गुणांची किंमत आज मला कळते. ते निबंध तपासताना मी लाल शाईने चूक दाखवू शकत नाही, कारण चूक त्यांची नाही.

म्हणून शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. आपल्या आया-आज्यांना विचारा, काय शिजवत होतात, का शिजवत होतात, आणि कधी सोडलेत. तिन्ही उत्तरे लिहून घ्या. नुसते पहिले लिहाल तर तो स्वयंपाकाचा कार्यक्रम होईल. तिन्ही लिहाल तर तो आपला इतिहास होईल.